उंचावरून दिसलेली नदी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेडिओवरून चित्राबद्दल बोलायचे म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ. ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे आणि बोलणाऱ्याने हात धरून फिरवायचे. आता हे भाषण छापून येत असले तरी चित्र सोबत नाही, म्हणून खेळ तोच राहू द्या.

तर आधी एक डोंगरमाथा डोळ्यांसमोर आणा. आपण माथ्यावर उभे आहोत. डाव्या हाताला घनदाट रान आहे, ओलेचिंब. वीज पडून फाटलेला एक जुना बुंधा वाकडातिकडा उभा आहे. त्याच्यावर काळेभोर आभाळ आणि तिरपा कोसळणारा पाऊस. उजव्या हाताला डोंगर एकदम खाली उतरतो आणि तळाशी लख्ख उन्हात एक नदी पसरलेली आहे. नदी सरळ जात नाही. ती वळते, वळत वळत जवळजवळ स्वतःलाच येऊन मिळते आणि मधल्या जमिनीचे एक सपाट बेट करून टाकते. त्या जमिनीवर आखलेली शेते, गवताच्या गंजी, मधूनच उठणारा धूर, पाण्यावर छोट्या होड्या. सारे मुंगीएवढे लहान, पण नीट दिसणारे.

हे चित्र टॉमस कोल या अमेरिकन चित्रकाराने १८३६ मध्ये रंगवले. सव्वाचार फूट उंच, सव्वासहा फूट रुंद, तैलरंगातले. नदीचे नाव कनेक्टिकट, डोंगराचे नाव माउंट होल्योक, गावाचे नाव नॉर्थम्प्टन. कोलने त्याला भलेमोठे नाव दिले होते, त्यात 'वादळानंतर' असा शब्द आहे. लोकांनी मात्र ते 'द ऑक्सबो' एवढ्याच नावाने लक्षात ठेवले. बैलाच्या मानेखालून जाणारी वाकवलेल्या लाकडाची कमान म्हणजे ऑक्सबो. आपल्याकडे जे काम शिवळा आणि जोते करतात ते तिकडे ही कमान करते. नदीचे वळण हुबेहूब तसे आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'नालाकृती सरोवर' पाठ केले ना, त्या सरोवराच्या जन्माआधीची ही अवस्था.

अमेरिकेतल्या या चित्राचा आणि भंडारा जिल्ह्याचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. सरळ संबंध काही नाही. तुमसरच्या एका महाविद्यालयात मी पुष्कळ वर्षे इतिहास शिकवला. मुलांना घेऊन आंबागडावर जायचा परिपाठ होता, आणि जाताना या चित्राची एक छापील प्रत प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून मी बरोबर नेत असे. वर्गात तास तास बोलून जे समजावता येत नसे ते गडाच्या तटावर पाच मिनिटांत समजे. इतिहासात कोण काय पाहतो हे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच तो कुठे उभा राहून पाहतो हेही.

आंबागड तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका टेकडीवर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणाने तो १७००च्या सुमारास बांधला. नागपूर वसवणारा राजा तो हाच. पुढे गड नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या एका विहिरीचे साचलेले, सडके पाणी कैद्यांना पाजत आणि ते त्यानेच मरत, असे सांगितले जाते. जुन्या गॅझेटिअरातही ही गोष्ट आहे. तटावर उभे राहिले की रान दिसते, धानाच्या बांध्या दिसतात, मधूनच एखाद्या बोडीचे पाणी चमकते. आपला जिल्हा तलावांचा. नदी डोळ्यांना दिसो न दिसो, सगळी उतरण तिच्याकडेच आहे. बावनथडी आणि तिला पोटात घेणारी वैनगंगा.

या एकाच तटावरून किल्लेदाराने पाहिले असेल ते वेगळे आणि बेडी घातलेल्या माणसाने पाहिले असेल ते वेगळे. देखावा मात्र एकच. सुंदरच.

कोलच्या चित्रातही असा एक माणूस आहे. चटकन सापडत नाही. खाली मधोमध, खडकांच्या बेचक्यात, डोक्यावर टोपी घातलेला एक चित्रकार चित्र काढत बसला आहे. तो कोल स्वतः. त्याची छत्री आणि सामान जरा बाजूला कड्यावर पडले आहे, आणि छत्रीची काठी अशी रोवली आहे की डावीकडचे रान आणि उजवीकडची नदी यांच्यामध्ये ती तिरकी येते. तो मान वळवून पाहतो आहे. नदीकडे नाही, आपल्याकडे. म्हणजे, हे बघा, इकडे वादळ आणि रान, तिकडे ऊन आणि शेती, आणि मी मध्ये. आता तुम्ही काय म्हणता, असा तो प्रश्न आहे.

चित्राचा भाव कोणता, यावर तिकडे शेकडो पाने लिहिली गेली आहेत. बहुतेकांना तो आनंदाचा वाटतो. वादळ निघून चालले आहे, रान मागे हटते आहे, शेती पुढे येते आहे, देश फुलतो आहे. दूरच्या डोंगरावर झाडे तोडून पडलेल्या मोकळ्या जागांमध्ये हिब्रू अक्षरे दिसतात, सरळ वाचली तर नोहा आणि उलटी वाचली तर सर्वशक्तिमान ईश्वर, असाही एक तर्क आहे. असेल बुवा. मला त्या अक्षरांची गरज वाटत नाही. झाडे तोडून पडलेल्या जागा आहेत, एवढेच मला पुरेसे आहे.

कारण कोल हा झाड तोडले की अस्वस्थ होणारा माणूस होता. इंग्लंडमध्ये लँकेशर परगण्यातल्या बोल्टन गावी १८०१ मध्ये तो जन्मला. कापसाच्या गिरण्यांचा तो मुलूख. धुराडी, काळे आभाळ, यंत्रे हे सगळे त्याने लहानपणी पाहिले. १८१८ मध्ये घरच्यांबरोबर तो अमेरिकेत आला. गिरण्यांनी एखाद्या प्रदेशाचे काय होते हे ज्याने आधीच पाहिले आहे, असा माणूस नव्या देशातल्या रानाकडे पाहत होता. हे चित्र काढले त्याच वर्षी त्याने अमेरिकेतल्या निसर्गदृश्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात कुऱ्हाडीबद्दल खंत केली. त्याच वर्षी, तो राहत असे त्या कॅट्सकिलच्या खोऱ्यात रेल्वेसाठी झाडे पडत होती आणि तो चिडून पत्रे लिहीत होता.

आणखी एक गोष्ट आहे, मला फार बोलकी वाटते. त्या वर्षी कोल पाच चित्रांची एक मालिका रंगवत होता. ल्युमन रीड नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने ती सांगितली होती. 'साम्राज्याचा प्रवास' असे तिचे नाव म्हणता येईल. एकाच खाडीकाठाची पाच दृश्ये: आधी रान आणि शिकारी, मग मेंढपाळ, मग संगमरवरी महालांचे झगझगीत वैभव, मग लूट आणि आग, शेवटी पडके खांब आणि चंद्र. त्या कामातून थोडी उसंत काढून, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी त्याने हे नदीचे चित्र केले. आणि अलीकडे, २०१८च्या एका मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने क्ष-किरणांनी या चित्राची तपासणी झाली, तेव्हा रंगाच्या थराखाली दुसरेच चित्र सापडले. त्याच मालिकेतल्या तिसऱ्या, वैभवाच्या दृश्याचा आरंभ. तो कॅनव्हास त्याने बाजूला ठेवला होता, त्यावरच ही शांत नदी काढली. उन्हातल्या त्या शेतांच्या खाली, शब्दशः खाली, साम्राज्याचा मध्यान्ह आहे, आणि त्याच्या पुढच्या चित्रात काय होते हे कोलला ठाऊक होते. हे कळल्यापासून मला त्या उन्हात निव्वळ आनंद पाहता येत नाही. वादळ सरले आहे की फिरून येणार आहे, हे चित्र सांगत नाही.

आता चित्रात काय नाही ते पाहू. एकदा आंबागडावर मी मुलांना विचारले, यात कोण कोण दिसते? मुलांनी मोजले. चित्रकार, होड्या, मेंढ्या, घरे. मागे बसलेला एक मुलगा, गोंड घरातला, बराच वेळ चित्र न्याहाळत होता. तो म्हणाला, "सर, ह्याच्यात आपण कुठं आहो?" मुले हसली. मला हसू आले नाही.

नॉर्थम्प्टनची ती सुपीक जमीन नोनोटक लोकांची होती. मक्याची शेती ते तिथे आधीपासून करत होते. १६५३ मध्ये इंग्रज वसाहतवाल्यांनी ती करार करून 'विकत' घेतली. जमीन विकणे म्हणजे ती कायमची सोडणे असा अर्थ घेणारा कराराला एकच पक्ष होता. पाव शतकाच्या आत युद्ध झाले. १६७६ मध्ये याच नदीच्या वरच्या अंगाला, धबधब्यापाशी मासेमारीसाठी जमलेल्या मूळ रहिवाशांवर पहाटे हल्ला झाला. त्यांत म्हातारी माणसे, बायका, मुले पुष्कळ होती. कोल डोंगरावर चढला तेव्हा या गोष्टीला दीडशेच्या वर वर्षे लोटली होती. मागे राहिले होते फक्त नदीचे नाव. कनेक्टिकट हा मूळ रहिवाशांच्याच भाषेतला शब्द, लांब नदी अशा अर्थाचा. माणसे जातात तेव्हाही नद्या त्यांचे शब्द घेऊन वाहत राहतात. आपल्या मुलुखात वेगळे काय आहे?

आणि कोलच्या काळात तरी हे सगळे संपले होते का? १८३० मध्ये अमेरिकेच्या संसदेने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. चित्रानंतर दोन वर्षांनी, १८३८ मध्ये, चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात हाकलून नेण्यात आले आणि वाटेत हजारो मेले. कोलच्या चित्रातली शांतता या दोन तारखांच्या मध्ये उभी आहे. त्याने हे लपवले, असा आरोप मी करणार नाही. त्याने झाडांसाठी शोक केला, एवढेच म्हणेन. माणसांसाठीची जागा चित्रात नाही.

इथे एक छोटे वळण घेतो, कारण ते आपल्याकडे येणारे आहे. नदीचे हे वळण पहिल्यांदा कोलनेच टिपले असे नाही. बेसिल हॉल नावाचा ब्रिटिश नौदलातला कप्तान १८२७-२८ मध्ये अमेरिकेत हिंडला होता. त्याच्याजवळ लोलक बसवलेले एक उपकरण असे. त्यातून पाहिले की समोरचा देखावा जणू कागदावर उतरलेला दिसे, आणि पेन्सिलीने तो नुसता गिरवायचा. त्याने याच डोंगरावरून नदी गिरवली आणि १८२९ मध्ये ती छापली. त्या सुमारास कोल लंडनमध्ये होता, त्याने हॉलच्या चित्रावर कागद ठेवून ती रेषा उतरून घेतली. आता हा हॉल कोण? त्याआधी दीड दशक हा गृहस्थ आपल्या मुंबईत होता, घारापुरीची लेणी पाहून त्यांचे वर्णन लिहून गेला होता. आरमाराचा अधिकारी, हातात उपकरण, डोळ्यांसमोर परका मुलूख. त्या काळात जगभर अशी माणसे डोंगरांवर चढत होती.

आपल्या भागात चढत होती ती चित्रे काढायला नव्हे. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ पासून नागपूरच्या राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या हाती आला. गादीवर बसवलेला तिसरा रघूजी अल्पवयीन होता. जेन्किन्सने राज्याचे जिल्हे पाडले आणि त्यातल्या एकाला नदीचेच नाव मिळाले, वैनगंगा. त्याचा कारभार पाहणारा कॅप्टन विल्किन्सन आधी लांजीला बसे, मग ठाणे भंडाऱ्याला आले. १८२७ मध्ये जेन्किन्सचा अहवाल कलकत्त्याला छापून निघाला. जमीन, पिके, जाती, सारा, रस्ते, नद्या, सगळे त्यात आहे. १८२७! हॉल अमेरिकेत नदी गिरवायला निघाला तेच वर्ष.

आणि त्या आधी, जानेवारी १८२३ मध्ये, वर्ध्याकडच्या हिंगणघाटला एक म्हातारा इंग्रज तंबूत वारला. विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासहून त्याने हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली होती. सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र डोंगरावर, देवळाच्या शिखरावर चढवायचे, तिथून दुसरा डोंगर पाहायचा, कोन घ्यायचा, त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचे. हैदराबादहून नागपूरकडे येताना त्याला वाटेतच मरण आले. त्याची कबर हिंगणघाटला आहे. आमच्या विदर्भातल्या फार थोड्या लोकांना ती ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, त्या काळच्या वैनगंगेचे चित्र कुठे आहे? माझे उत्तर असे की ते चित्र या अहवालात आणि या नकाशांत आहे. कोलने रंगात जे केले ते इथे आकड्यांत झाले. उंचावरून पाहिले, उजेडातली शेते मोजली, आणि डावीकडच्या रानाला एक शब्द लावला: पडीत. सारा न देणारी ती पडीत. त्या पडीत जमिनीवर मोह वेचणारे, चारोळी गोळा करणारे, जनावरे चारणारे लोक होते, पण रकान्यात ते उमटत नव्हते. १८५३ मध्ये तिसरा रघूजी निपुत्रिक वारला, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८६५ आणि १८७८ मध्ये जंगल कायदे आले आणि त्या रानाला सरकारी कुंपण पडले. मग रेल्वे आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून मॅंगनीजही. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी आमच्याच तालुक्यातल्या.

योगायोगाची एक तारीख सांगतो, तिच्यातून काही सिद्ध करायचे नाही. कोलचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला १९०८ मध्ये देणगी म्हणून मिळाले. भंडारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर, आंबागडाच्या विहिरीची गोष्ट सांगणारे, तेही १९०८चेच.

या सगळ्यात एक पात्र असे आहे की जे कोणाच्याच ताब्यात राहिले नाही. चित्र पुरे होऊन चार वर्षेही झाली नव्हती तोच, १८४० मध्ये, कनेक्टिकट नदीने पुराच्या जोरात त्या वळणाची अरुंद मान कापली आणि ती सरळ निघून गेली. वळण मागे पडले, त्याचे सरोवर झाले. कोलने रंगवलेली नदी त्या रूपात आज अस्तित्वात नाही. आता तिथून मोठा महामार्ग जातो.

वैनगंगेचा स्वभाव मुळातच वळणांचा. शिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याला उगम पावून ती आधी उत्तरेकडे जाते, शिवनीला भलामोठा वळसा घालते, बालाघाटवरून आपल्याकडे उतरते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. तिची वाट मात्र तिने स्वतः बदलली नाही. ती आपण बदलली. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. २००९ मध्ये ते राष्ट्रीय प्रकल्प ठरले. पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेले, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावे उठली. सिंचन झाले, हे खरे आहे. उशिरा झाले, हेही खरे आहे. मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी लोक वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले. नदीकाठचा माणूस हे सगळे माझ्यापेक्षा चांगले सांगेल.

आंभोऱ्याला वैनगंगेला कन्हान आणि इतर नद्या मिळतात. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' तिथेच रचला अशी एक परंपरा आहे. त्या संगमावर दोरखंडी पद्धतीचा नवा पूल झाला, २०२४ मध्ये तो खुला झाला. पुलाच्या उंच खांबांमध्ये देखावा पाहण्यासाठी काचेची गॅलरी केली आहे. फुगवट्याचे पाणी तिथे समुद्रासारखे पसरलेले असते, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ, लांबवर धूसर डोंगर. कोलला तिथे बसवला असता तर त्याने छत्री रोवलीच असती, इतके ते दृश्य त्याच्या जातीचे आहे. दर रविवारी गाड्या भरभरून माणसे येतात. मीही गेलो. मला ते आवडले हे कशाला नाकारू?

माझ्याबरोबर माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, आता ती स्वतः शाळेत शिकवते. तिचे गाव बुडित क्षेत्रातले. आंबागडावर ते चित्र तिनेही पाहिलेले. पुलावर आम्ही बराच वेळ उभे होतो, ती पाण्याकडे बोट दाखवून काहीतरी मोजत होती. मी तिला वहीचा कागद दिला आणि म्हणालो, काढ. तिने भराभर काढले. शाळा, मारुतीचे देऊळ, विहीर, विहिरीजवळचा निंब, त्यांच्या चार बांध्या, बांध्यांचे धुरे, बोडी, बोडीवरून जाणारी गाडीवाट. काढता काढता ती थांबली.

"सर, नदी कुठं काढू? आमच्या गावातून नदी दिसतच नव्हती."